शॉवरच्या फ्लँजखाली तपकिरी ओघळ आणि मागच्या भिंतीला ओल: गळती नेमकी कुठे शोधायची?

ओलभिंत

शॉवरची दांडी भिंतीत शिरते तिथल्या गोल फ्लँजच्या (भोक झाकणाऱ्या चकतीच्या) खालच्या काठापासून टाइलवर तपकिरी-नारिंगी ओघळ उतरतो. घासून काढला तरी काही दिवसांत तसाच परत येतो. त्याच भिंतीच्या पलीकडे बेडरूम आहे. तिथे जमिनीपासून साधारण गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत रंगाचे पोपडे सुटलेत आणि पांढरी भुकटी धरलीय.

भिंतीतली लाइन जुनी जीआय, म्हणजे लोखंडी पाइपाची आहे. गार-गरमचा वॉल मिक्सर नंतर बदललेला, पितळी, क्रोमचा. शॉवर वापरत नसताना ओघळ ओला नसतो, निदान बोटाला तरी लागत नाही. शॉवर बंद केल्यावरही जाळीतून बराच वेळ थेंब पडत राहतात. नळाचं पाणी दिसायला स्वच्छ आहे.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. गळती दांडीच्या जोडात आहे की आतल्या पाइपात, हे टाइल न फोडता कळेल का? बेडरूमची ओल यातूनच आलेली असेल का? आणि डाग कशाने काढावा, म्हणजे टाइल आणि फिटिंग दोन्ही खराब होणार नाहीत? एका प्लंबरने भिंत उघडून पूर्ण लाइन बदलायला सांगितलंय. ते करण्याआधी खात्री करून घ्यायची आहे.

काटकोन

भिंत उघडायचा निर्णय आत्ता नको. गळती कुठे आहे हे शोधण्याआधी ती कधी होते ते पक्कं करा. न्हाणीघराच्या भिंतीत पाणी जायच्या चार वाटा असतात आणि चौघींच्या वेळा वेगळ्या असतात.

मिक्सरपर्यंत येणाऱ्या गार आणि गरम लाइनी चोवीस तास दाबाखाली असतात. त्यांतली गळती कधीच थांबत नाही, तुम्ही गावाला गेलात तरी ओल वाढतच राहते. मिक्सरच्या वरची, शॉवरकडे जाणारी उभी लाइन मात्र शॉवर सुरू असेल तेवढाच वेळ दाबाखाली असते. तिसरी वाट टाइलच्या सांध्यांची. तिथे पाणी शिरायला भिंत किंवा जमीन भिजावी लागते, मग पाणी शॉवरचं असो की बादलीचं. चौथी नहाणी ट्रॅप (जमिनीतलं पाणी जायचं जाळीचं तोंड) आणि सांडपाण्याच्या पाइपाची, ती फक्त पाणी वाहून जाताना गळते.

वापर नसताना ओघळ कोरडा असतो असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे त्या ओघळापुरता तरी कायम दाबाच्या लाइनीवरचा संशय बराच कमी होतो. तरी एकदा तपासून घ्या. घरातले सगळे नळ बंद करा, फ्लशच्या टाकीचा अँगल कॉकही बंद करा (फ्लशची टाकी आतल्या आत गळत असते आणि सगळा हिशोब चुकवते), मग पाण्याच्या मीटरवरचं बारीक चाक तासभर हलतंय का बघा. मीटर नसेल तर वरच्या टाकीत येणारं पाणी बंद करून पातळीवर पेन्सिलने खूण करा आणि रात्रभर थांबा. पातळी जागेवर राहिली तर मिक्सरच्या आधीच्या लाइनी धरून ठेवतायत. मात्र या चाचणीत फार बारीक पाझर सुटू शकतो. मोठ्या टाकीत अर्धा-एक लिटर गेलं तर पातळी डोळ्याला दिसण्याइतकी उतरत नाही.

आता उभी लाइन आणि दांडी. हिची चाचणी दोन टप्प्यांत होते आणि एकही टाइल फुटत नाही.

पहिला टप्पा: शॉवरची जाळी काढा. दांडीच्या तोंडावर अर्धा इंची एंड कॅप टेफलॉन लावून बसवा. फ्लँज भिंतीपासून सैल करून पुढे सरकवा, म्हणजे दांडी भिंतीत शिरते ती जागा उघडी दिसेल. बहुतेक फ्लँज नुसते अडकवलेले असतात, काहींना मागे सिलिकॉन असतं, ते पातळ ब्लेडने कापा. सगळं पुसून कोरडं करा आणि दांडीच्या मुळाशी टिश्यू पेपरची घडी गुंडाळा. मग मिक्सर फक्त गार बाजूने, शॉवरच्या दिशेला उघडा. पाणी बाहेर पडायला जागा नाही, त्यामुळे दांडीवर नेहमीपेक्षा जास्त दाब येतो आणि एरवी तासाने दिसणारा थेंब काही मिनिटांत दिसतो. गार-गरम दोन्ही बाजू एकदम उघडू नका. तोंड बंद असताना जास्त दाबाचं पाणी मिक्सरमधून दुसऱ्या लाइनीत उलटं शिरतं.

टिश्यू कुठून भिजायला लागला ते नीट बघा. दांडीच्या आट्यांतून पाणी येत असेल तर आधी दांडीच्या भोवती ओल्याचं कडं दिसतं, मग खालच्या बाजूला थेंब धरतो. पाणी आतून, भिंतीच्या भोकाच्या तळातून येत असेल तर दांडी कोरडी राहते आणि भोकाची कड, प्लास्टर काळपट पडत जातं.

दुसरा टप्पा: दांडी काढून भिंतीतल्या एल्बोमध्ये (दांडी जिथे बसते त्या वळणाच्या जोडात) थेट अर्धा इंची प्लग बसवा आणि पुन्हा तसाच दाब द्या. आता भोक कोरडं राहिलं तर उभी लाइन ठीक आहे, दोष दांडीच्या आट्यांत आहे. तरीही ओलं झालं तर एल्बोला चीर आहे किंवा त्याच्या खालचा जोड गेलाय, आणि भिंत उघडावी लागेल. तीही मिक्सरपासून एल्बोपर्यंतची एक उभी पट्टी, सगळी भिंत नव्हे.

बेडरूमच्या ओलीबद्दल मला वेगळा संशय आहे. वरच्या दांडीतून भिंतीत पाणी पडत असेल तर ओलीचा चट्टा उभा, लांबट असतो आणि त्याचं वरचं टोक गळतीच्या जवळपास असतं. जमिनीपासून गुडघ्यापर्यंत आडवा पट्टा आणि वर लोणा (ती पांढरी भुकटी), ही खालून चढलेल्या ओलीची लक्षणं आहेत. पाणी फरशीच्या खालच्या थरात साठतं, विटा ते शोषून वर ओढतात, आणि जिथे ते वाळतं तिथे क्षार बाहेर येऊन रंग ढकलतात. तेव्हा दांडीची गळती आणि बेडरूमची ओल ही दोन वेगळी दुखणी असू शकतात.

गंजपारखी

वरच्या चाचण्या बरोबर आहेत. मी फक्त गंजाबद्दल भर घालतो, कारण डागाच्या रंगावरूनही पुष्कळ कळतं.

पितळेला लाल गंज चढत नाही. क्रोम उडून पितळ उघडं पडलं तर ते आधी मळकट पिवळं-तपकिरी होतं, मग हिरवट. पाणी जस्त खाऊन टाकणारं असेल तर पितळेच्या अंगावर पांढरी पूड धरते आणि खालचा धातू तांब्यासारखा गुलाबी, सच्छिद्र होतो. असं पितळ पान्याने आवळलं की बिस्किटासारखं तुटतं. पण नारिंगी-तपकिरी ओघळ आला की कुठेतरी लोखंड आहेच. ते कुठलं, हे शोधायचं.

तुमच्याकडे संशयित तीन. पहिला खुद्द फ्लँज. बरेच फ्लँज पातळ लोखंडी पत्र्याचे आणि वरून क्रोमचा मुलामा दिलेले असतात. पुढून चकचकीत दिसतात, मागची बाजू आणि कापलेली कड मात्र उघडी असते. काढाल तेव्हा आतून बघा आणि लोहचुंबक लावा. घट्ट चिकटला तर लोखंड. अजिबात चिकटला नाही तर पितळ किंवा स्टेनलेस. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: स्टेनलेसमधला हलका, २०२ दर्जाचा पत्राही चुंबकाला जवळपास चिकटत नाही, तरी ओल्या जागी त्यावर तपकिरी ठिपके येतात. ३०४ त्याहून टिकाऊ, पण खारट हवेत आणि अ‍ॅसिडने सफाई होणाऱ्या न्हाणीघरात तोही डागाळतो. त्यामुळे चुंबकाने लोखंड ओळखू येतं, स्टेनलेसचा दर्जा नाही.

दुसरा संशयित भिंतीतला जीआय एल्बो. जीआय म्हणजे जस्ताचा लेप दिलेलं लोखंड, पण आटे पाडताना तो लेप कापला जातो, आणि तिथेच पाइपाची जाडी सगळ्यांत कमी उरते. वर त्यात पितळी दांडी बसवली की पाण्याच्या सान्निध्यात दोन धातूंची जोडी जमते आणि झीज लोखंडाच्या वाट्याला येते. म्हणून जीआय लाइन बहुतेक वेळा सरळ पाइपात नव्हे, आट्यांत फुटते. दांडी बाहेर काढल्यावर एल्बोच्या आतले आटे टॉर्चने बघा. आटे धारदार आणि सलग असले तर वाचला. पापुद्रे सुटत असतील, स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने खरवडल्यावर काळी-लाल माती पडत असेल, तर त्यात नवी दांडी कितीही टेफलॉन गुंडाळून बसवली तरी धरणार नाही.

तिसरा संशयित पाणी स्वतः. पाण्यात लोह विरघळलेलं असेल तर ते नळातून येताना स्वच्छच दिसतं, हवा लागल्यावर तांबडं पडतं. लिटरमागे ०.३ मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की भांड्यांवर, कपड्यांवर डाग उठायला लागतात. पण मग डाग एकाच फ्लँजखाली राहत नाही, कमोडमध्ये, बादलीच्या तळाला, बेसिनमध्ये सगळीकडे दिसतो. पारदर्शक बाटलीत पाणी भरून झाकण न लावता दिवसभर ठेवा. तळाला तांबूस गाळ बसला तर लोह पाण्यात आहे. सकाळचं पहिलं पाणी तेवढं तांबूस आणि नंतरचं स्वच्छ असेल, तर गंज तुमच्या पाइपातला आहे.

गुलाबी, बुळबुळीत, बोटाने पुसला जाणारा थर सांध्यात दिसला तर तो गंज नाही, जिवाणूंचा थर आहे. निळा-हिरवा डाग तांब्याचा किंवा पितळेचा. काळा बहुतेक बुरशीचा, क्वचित मँगनीजचा.

आणि एक शक्यता जी नाकारता आली पाहिजे. ओघळ फ्लँजपाशी न सुरू होता टाइलच्या सांध्यातून किंवा भेगेतून येत असेल आणि तिथलं प्लास्टर ठोकल्यावर पोकळ वाजत असेल, तर आतल्या सळईचा गंज असू शकतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे तो आतून काँक्रीट फोडतो. तिथे काम प्लंबरचं नाही, बांधकाम जाणणाऱ्या अभियंत्याला दाखवायचं.

वॉशर

जाळीतून थेंब पडण्याबद्दल. बंद केल्यावर पाच-दहा मिनिटं थेंब पडणं हा दोष नाही. दांडीत आणि जाळीच्या पोटात पाणी अडकून राहतं आणि हवा आत शिरेल तसं उतरतं. मोठी, सपाट जाळी असेल तर आणखी वेळ लागतो. बंद केल्यावर अर्ध्या तासाने जाळीखाली कोरडी वाटी ठेवा. तासाभरात तिच्यात पाणी जमलं तर मिक्सर पूर्ण बंद होत नाही.

कुठली बाजू गळते ते ओळखायला गीझरकडून येणारा अँगल कॉक बंद करा. थेंब थांबले तर गरम बाजू, नाही थांबले तर गार. जुन्या पद्धतीच्या स्पिंडलला तळाशी रबरी वॉशर असतो, तोच बदलायचा. पाव फेऱ्यात उघडणाऱ्या मिक्सरमध्ये सिरॅमिकच्या दोन चकत्यांचं कार्ट्रिज असतं. गंजाचा एक कण त्या चकत्यांमध्ये गेला की चरा पडतो आणि मग वॉशरने काही होत नाही, आख्खं कार्ट्रिज बदलावं लागतं. जुनं काढून नमुना म्हणून सोबत न्या. लांबी, वरच्या दांत्यांची संख्या आणि फिरण्याची दिशा तिन्ही जुळायला हवं. गरम आणि गार बाजूची कार्ट्रिजं बऱ्याच मिक्सरमध्ये उलट दिशेला फिरतात.

जीआय लाइनवर नवं कार्ट्रिज बसवण्याआधी ते न लावताच मुख्य कॉक क्षणभर उघडून लाइन धुऊन घ्या. वर फडकं धरा, पाणी छतापर्यंत उडतं. हे टाळलं तर नव्या चकत्यांवरही चरे पडतील.

थेंब पडत राहणं तुमच्या डागाशीही जोडलेलं आहे. मिक्सर झिरपत असेल तर उभी लाइन कधीच पूर्ण रिकामी होत नाही, आणि दांडीचा जोड दिवसरात्र ओला राहतो.

ओलभिंत

दोन्ही टप्पे करून बघितले. कॅप लावून दाब दिल्यावर दांडीच्या मुळाशी कडं ओलं झालं आणि खाली तांबूस थेंब धरला. दांडी काढून एल्बोत प्लग बसवल्यावर भोक कोरडंच राहिलं, तासाभरानेही. एल्बोचे आटे काळपट आहेत पण सलग दिसतात, पापुद्रे नाहीत. दांडीच्या आट्यांवर तागाचे कुजलेले धागे होते. फ्लँज लोखंडी निघाला, चुंबक घट्ट चिकटतो आणि मागून पूर्ण तांबडा झालाय. टाकीची पातळी रात्रभर हलली नाही. गार बाजूचं कार्ट्रिज झिरपतं हेही कळलं.

दांडी परत बसवताना टेफलॉन वापरू की ताग? आणि बेडरूमच्या ओलीची चाचणी कशी करायची?

काटकोन

छान निदान झालं. आता दांडी बसवण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण गळती परत येते ती इथल्या घाईमुळे.

आधी एल्बोचे आटे स्वच्छ करा. बारीक तारेचा गोल ब्रश हाताने फिरवा, ड्रिलला लावू नका. सुटलेला कचरा आत लाइनीत पडू देऊ नका, ओल्या फडक्याने बाहेर ओढून घ्या. मग कोरडं करा. ओल्या आट्यांवर टेफलॉन घसरतं. जुनी दांडी परत लावायची तर तिचे आटेही तपासा. पहिले दोन-तीन आटे चपटे झाले असतील तर नवी घ्या, पितळी, जाड भिंतीची. चुंबक सोबत ठेवा.

नवी दांडी आधी काही न गुंडाळता हाताने फिरवून बघा. चार-पाच फेरे सहज जाऊन मग घट्ट व्हायला हवी. एक-दोन फेऱ्यांतच अडकली तर आटे तिरपे धरलेत किंवा कचरा आहे. सगळे फेरे ढिलीच राहिली तर एल्बो झिजलाय, तिथे टेफलॉनचा गठ्ठा करून भागवू नका.

टेफलॉन की ताग, तर जीआयच्या खडबडीत, किंचित झिजलेल्या आट्यांत ताग आणि सफेदा (आट्यांना लावायचा पांढरा लेप) चांगले धरतात, ताग ओला झाला की फुगतो. पण तो नेहमी ओला-कोरडा होत राहिला की कुजतो, आणि शॉवरच्या लाइनीत नेमकं तेच होतं. तुमचे आटे सलग आहेत, तेव्हा टेफलॉनच वापरा. साधी पातळ पांढरी पट्टी असेल तर दहा-बारा वेढे, जाड प्रतीची असेल तर पाच-सहा. आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळायची, म्हणजे आवळताना पट्टी उलगडत नाही. पट्टी ताणून धरा, इतकी की खालच्या आट्यांचा आकार तिच्यातून उमटलेला दिसेल. पहिला आटा मोकळा सोडा. त्यावरची पट्टी पाइपात लोंबते, तुटते आणि जाळीच्या भोकांत जाऊन अडकते.

हाताने घट्ट होईपर्यंत फिरवा, मग पट्ट्याच्या पान्याने एक ते दीड फेरा. साधा पाना असेल तर दांडीभोवती जाड रबर किंवा फडकं, नाहीतर क्रोमवर दात उमटतात आणि तिथूनच मुलामा सोलायला लागतो. दांडीच्या वाकलेल्या टोकाला धरून फिरवू नका, त्या लांब हाताने एल्बोवर हवं त्याहून कितीतरी जास्त जोर जातो. ज्यांच्याकडे सीपीव्हीसीची, म्हणजे प्लास्टिकच्या पाइपांची लाइन आहे त्यांनी इथे दुप्पट जपायला हवं. त्या एल्बोत पितळी आटे प्लास्टिकमध्ये रोवलेले असतात, फार आवळलं तर पितळ आत गरगर फिरतं किंवा प्लास्टिकला चीर जाते.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. दांडीचं तोंड शेवटी खाली यायला हवं. घट्ट झाल्यावर ते थोडं पुढे गेलं तर पाव फेरा मागे घेऊन सरळ करायचा मोह होतो. टेफलॉनचा जोड मागे फिरवला की फिरवला तेवढा सुटला. पाणी लगेच येणार नाही, महिन्याभराने येईल. अशा वेळी एक तर पूर्ण फेरा पुढे न्या, जोर फार लागत असेल तर काढून वेढे एक-दोन कमी-जास्त करून परत बसवा.

जाळी दांडीला जोडताना आत सपाट रबरी वॉशर असतो. तिथे पाणी वॉशर अडवतो, आटे नाहीत. वॉशर कडक झाला असेल तर बदला. त्या जोडावर टेफलॉन गुंडाळल्याने नट पूर्ण बसत नाही आणि वॉशर दाबलाच जात नाही. दांडीचा उतार बाहेरच्या दिशेने राहील असंही बघा. भिंतीकडे झुकली तर जाळीच्या नटातला थेंब दांडीच्या पोटावरून मागे सरकत थेट फ्लँजपाशी पोचतो, आणि गळती भिंतीतली आहे असं वाटतं.

फ्लँज लावण्याआधी पुन्हा कॅप लावून, टिश्यू गुंडाळून निदान अर्धा तास दाबाखाली ठेवा.

बेडरूमच्या ओलीसाठी: नहाणी ट्रॅपचं तोंड प्लास्टिक आणि ओल्या फडक्याच्या गोळ्याने बंद करा. जमिनीवर बोटाच्या एका पेराएवढं पाणी साठवा, दाराच्या उंबऱ्यापेक्षा पातळी खाली ठेवा. भिंतीवर मार्करने खूण करा आणि चोवीस तास कोणी वापरू नका. शेजारी एका उथळ भांड्यातही तेवढंच पाणी ठेवा, म्हणजे नुसत्या बाष्पीभवनाने किती घटलं ते कळेल. जमिनीवरचं त्याहून स्पष्ट जास्त घटलं तर फरशीचे सांधे किंवा भिंत-जमिनीचा कोपरा पाणी पितोय. फारसं घटलं नाही तर फडकं काढून पाणी एकदम सोडा आणि पुढच्या दिवसांत ओल वाढते का बघा. वाढली तर ट्रॅपचा किंवा सांडपाण्याच्या पाइपाचा जोड. खाली कोणी राहत असेल तर आधी सांगून ठेवा.

वॉशर

फ्लँजबद्दल माझं मत: भोवताली पूर्ण सिलिकॉन भरून टाका. शॉवरचं पाणी दांडीवरून मागे गेलं तरी भिंतीत शिरायला जागाच उरणार नाही.

गंजपारखी

पूर्ण भोवताली नको. वरून आणि दोन्ही बाजूंनी भरा, तळाशी करंगळीच्या रुंदीएवढी फट उघडी ठेवा. वरून येणारं पाणी तसंही अडतं, पण आतला जोड पुढे कधी सुटला तर ते पाणी तळाच्या फटीतून बाहेर येतं आणि पहिल्या थेंबाला कळतं. चारही बाजू बंद केल्या तर तेच पाणी विटांत जातं आणि कळेपर्यंत बेडरूमचा रंग उडालेला असतो. तुमच्या ओघळानेच तर गळतीचा पत्ता दिला.

सिलिकॉनही न्यूट्रल प्रकारचं घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन वाळताना अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड सोडतं, ते धातूला खातं. फ्लँजच्या मागचं भोक मोठं असेल तर सिलिकॉनच्या आधी ते टाइलपर्यंत भरून घ्या, फ्लँजच्या भरवशावर ठेवू नका.

आता डाग. गंजाला ब्लीच किंवा ब्लीच असलेलं क्लिनर लावू नका. ते बुरशी घालवतं, गंज नाही, उलट डाग पक्का बसतो. गंजाला आम्ल लागतं, पण सौम्य. लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड विरघळवा, टिश्यू त्यात भिजवून डागावर चिकटवा, वर प्लास्टिकचा तुकडा लावा म्हणजे वाळणार नाही. अर्ध्या तासाने नायलॉनच्या ब्रशने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. जुना, खोल डाग राहिलाच तर ऑक्झॅलिक अ‍ॅसिड, लिटरला २० ते २५ ग्रॅम, दहा-पंधरा मिनिटं, त्याहून जास्त वेळ नको. हे विषारी आहे. हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी, आणि उरलेलं द्रावण बाटलीत भरून ठेवायचं नाही.

जोरदार टॉयलेट अ‍ॅसिडने डाग झटक्यात जातो हे खरं, पण ते सांध्यातलं सिमेंट खातं आणि नुसत्या वाफेनेही क्रोम काळवंडतो. पुढच्या वर्षी त्याच खाल्लेल्या सांध्यांतून पाणी आत जातं. कुठलंही आम्ल आणि ब्लीच एकत्र करू नका, आधी एक लावून पाठोपाठ दुसरंही नको. क्लोरीन वायू सुटतो आणि छोट्या बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो. टाइल संगमरवराची किंवा चुनखडी दगडाची असेल तर सायट्रिकही चालत नाही. कोपऱ्यात एक थेंब टाकून बघा, बुडबुडे आले तर थांबा. दगडावर आम्ल नसलेला, गंजासाठीचा खास लेप मिळतो.

सांध्यात मुरलेला डाग आम्लाने पूर्ण जाणार नाही. तेवढा सांधा दोन-तीन मिलिमीटर खरवडून नव्याने ग्राऊट भरणं जास्त सोपं पडतं. आणि नवा फ्लँज बसल्याशिवाय सफाई करू नका, जुना परत लावलात तर डाग परत येणार.

ओलभिंत

जमिनीवर पाणी साठवून बघितलं. भांड्यातलं जेमतेम उतरलं, जमिनीवरचं मात्र जवळपास निम्मं गेलं. शॉवरखालच्या कोपऱ्यात भिंत आणि फरशीच्या सांध्यात केसाएवढी फट आहे, तिथे पाण्यात बारीक बुडबुडे येत होते. नुसतं ग्राऊट भरलं तर चालेल का? आणि बेडरूमला रंग कधी द्यायचा?

काटकोन

बुडबुडे आले म्हणजे तिथून हवा बाहेर आणि पाणी आत जातंय, जागा सापडली. त्या कोपऱ्यात नुसतं सिमेंटचं ग्राऊट टिकणार नाही. भिंत आणि जमीन वेगवेगळ्या हलतात, कडक माल तिथे पुन्हा तडकतो. जुना सांधा पूर्ण खोलीपर्यंत खरवडा, दोन-तीन दिवस न्हाणीघर वापरू नका म्हणजे आतलं पाणी उतरेल, मग कोपऱ्यात बुरशीरोधक न्यूट्रल सिलिकॉनची सलग, अंतर्गोल पट्टी भरा. दोन्ही बाजूंना कागदी टेप लावून घेतली की कड सरळ येते. वाळायला २४ तास द्या. बाकी सपाट जमिनीवरचे सांधे खरवडून इपॉक्सी ग्राऊट. हे झाल्यावर तीच पाण्याची चाचणी पुन्हा घ्या. पातळी तरीही भांड्यापेक्षा जास्त उतरली तर फरशीखालचं वॉटरप्रूफिंग गेलंय आणि वरवरच्या भरणीने भागणार नाही.

बेडरूमकडे घाई नको. सुटलेला रंग आणि भुसभुशीत पुट्टी आत्ताच खरवडून भिंत उघडी करा, लोणा कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतला तर क्षार परत आत जातात. वीटकाम वाळायला जाडीच्या प्रत्येक इंचाला साधारण महिना धरतात. उघड्या भिंतीवर हातभर प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवा. दोन दिवसांनी भिंतीच्या बाजूला दव दिसलं तर ओल अजून आत आहे. खोलीच्या बाजूला दिसलं तर ती खोलीतली दमट हवा आहे. प्लास्टिक दोन्हीकडून कोरडं निघालं की मग पुट्टी आणि रंग.

गार बाजूचं कार्ट्रिज मात्र याच आठवड्यात बदला, नवी दांडी झिरपत्या मिक्सरवर ठेवू नका.